दादाने फिरवलेलं बटण

अ‍ॅम्प दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक गिटारवाला आणि त्याची बायको उभे होते.

"बहिणीच्या अ‍ॅम्पसारखाच व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतलास. आता काय बिघडलं?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही. तिच्या अ‍ॅम्पच्या बटणांचे आकडे बघून तसेच लावले, तरी तिच्यासारखा आवाज येत नाही."

"म्हणून काल कार्यक्रमाआधी तिच्या अ‍ॅम्पशी खुडबुड करत होतास?"

"बेस पूर्ण वाढवून ठेवला. म्हटलं, एकदा तरी फजिती होऊ दे."

"सख्ख्या बहिणीची?"

"झाली कुठे! तिने दोन तारा छेडल्या, ट्रेबल जरासा वाढवला आणि सुरू झाली. लोक उठून टाळ्या वाजवत होते."

"तिला कळलं नाही ना?"

"कळलं. निघताना म्हणाली, 'दादा, बेस तू वाढवलास ना? मला सुचलंच नसतं रे.'"