हीटर कोण बंद करते

शोभाताई : आजही बंद?

मधुकरराव : बंद. टाकीतलं पाणी एकोणीस अंशांवर आलं. मोठा ऑस्कर मासा तळाले टेकला, शोभा. काल खाणंही सोडलं त्यानं.

शोभाताई : मग सांगा ना इवायाले, रातच्याले हीटरचं बटन बंद करू नका म्हणून. हॉलमध्ये झोपते कोण? सोमाजीभाऊच ना?

मधुकरराव : सुनेचा बाप आहे तो. लग्नाले चार वर्षं झाली, पहिल्यांदा मुक्कामी आला. त्याले काय म्हणू, आमच्या बटनाले हात लावू नका?

शोभाताई : मग मरू द्या मासे, मानपानात.

मधुकरराव : तू सांग.

शोभाताई : मी विहीण. तुम्ही बोलले त विनंती होते, मी बोलली त भांडण. बंबातलं दोन तांबे गरम पाणी ओतू का टाकीत?

मधुकरराव : अजिबात नाही. मासे आहेत ते, नवरदेव नाहीत. एकदम गरम केलं तरी मरतात. हळू बोल, आले.

(सोमाजी तोंड धुऊन, खांद्यावर दुपट्टा टाकून हॉलमध्ये येतात.)

सोमाजी : राम राम, इवाई. थंडी बम पडून राहिली.

मधुकरराव : हो ना. झोप झाली?

सोमाजी : झोप मस्त. पर एक गोष्ट तीन दिसापासून पोटात हाये. बोलू का नोको?

मधुकरराव : बोला ना. तुमचंच घर आहे.

सोमाजी : तुमी ह्या मासोळ्यायले कायले उकडून राहिले जी?

शोभाताई : उकडून?

सोमाजी : पाण्यात ते लाल बत्तीची सळई घातली ना तुमी. हात घालून पायला, त कोमट! आमच्या गावच्या बोडीतली, तळ्यातली मरळ मासोळी पुसाच्या गारठ्यात कशी मजेत रायते. मी रोज रातच्याले बंद करतो, सकाळी तुमी चालू करता. पोरीचा बाप मी. बोलावं कसं?

मधुकरराव : नाही नाही, बरं केलं. माया आहे तुमची.

शोभाताई : अहो!

सोमाजी : मंग एक मागनं हाये. पोरीच्या घरी आजवर काही मांगलं नाही. हे सळई काढूनच टाका.

मधुकरराव : चहा घेता?

सोमाजी : घेतो. पयले सळई.

शोभाताई : बोला आता, बरं केलं म्हणून.

मधुकरराव : सोमाजी, आंधळगावच्या दुकानात मी जन्मभर कोसा रेशीम विकलं. एका गिऱ्हाइकाले कधी नाही म्हटलं नाही. तुम्हाले म्हणतो. नाही काढत. हे बोडीचे मासे नाहीत. यांच्या मुलुखात बारा महिने उन्हाळा. पाणी थंडावलं की हे गेले. तो पहा, तुमच्या मायेनं कसा पडला.

सोमाजी : म्हंजे... माह्यानं?

मधुकरराव : हो. तुमच्यानं.

सोमाजी : मंग बटन लावा ना! माह्याकडं काय पायता?

मधुकरराव : लावलं.

सोमाजी : जगन का?

मधुकरराव : कल्ले हलून राहिले. दुपारपर्यंत कळेल.

शोभाताई : राग आला का, भाऊ?

सोमाजी : राग कायचा? बरं वाटलं. चार साल झाले, इवाई मले हर गोष्टीले हो म्हणते. आज नाही म्हणले, त आता मीबी बोलतो. माह्या रीनाची शिलाई मशीन अजून आमच्या गावी, बपेऱ्यालेच धूळ खाऊन राहिली. इथं जागा नाही म्हणते पोरगी. ह्या हॉलात उजेडाची जागा एकच, तिथं तुमचे मासे. हेच सांगाले आलो होतो मी, अन् तीन दिस मासेच पायत बसलो.

मधुकरराव : रीनानं मले कधी सांगितलं नाही.

सोमाजी : कोणाची पोरगी हाये?

मधुकरराव : पण भरलेली टाकी हलवता येत नाही हो. त्यात हा असा.

सोमाजी : आत्ता नोका हलवू. शेपूट हलवली पहा त्यानं.

शोभाताई : टाकी थंडी सरल्यावर हलवू. मशीन तुम्ही उद्याच बोलावून घ्या, भाऊ. तोवर आमच्या खोलीत राहील, खिडकीपाशी.

मधुकरराव : खिडकीपाशी माझा पलंग आहे, शोभा.

शोभाताई : तो इकडं, टाकीपाशी आणा. इथं गरम आहे.