पॅकिंग खात्याची मतं

दवाखान्यात नंबरची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एकाच कारखान्यात काम करणारे दीर-भावजय बसले होते.

“भावजी, नवं मशीन यावं म्हणून तुम्हीही हात वर केलात?”

“आता शेअर मिळाल्यावर आपण सगळेच भागीदार ना, वहिनी! मालक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, मालक-कामगार हे भांडण आता मिटलं.”

“आणि आमचं पॅकिंग खातं?”

“ते बंद होणार. पण नफा वाढला की तुमच्या शेअरवरही पैसे येतील.”

“वर्षातून एकदा. भूक रोज लागते.”

“पूर्वी मालकाने एकट्याने ठरवलं असतं, तर काय वेगळं झालं असतं?”

“निदान शिव्या द्यायला परका माणूस होता.”

“माझ्यावर कशाला चिडता? तुमच्यातली एक तरी मीटिंगला आली का?”

“कशी येणार? त्याच दिवशी माल जायचा होता, एकीलाही सोडलं नाही. म्हणून तर बावीस जणींनी आपली मतं तुमच्या नावाने लिहून दिली.”

“हो, दिलीत.”

“मग त्यांचं काय केलंत?”

त्याने आवाज खाली आणला.

“त्यांच्याशिवाय ठराव पडत होता, वहिनी.”