भावासाठी होल्स्टर

नव्वदच्या दशकात आम्ही जपानात हिगाशी-कसाईला राहायचो. पुण्याहून माझ्या पोलीस भावाचा फोन आला, “ताई, शर्टाखाली पोटाशी लपेल आणि बसताना टोचणार नाही, असं पिस्तुलाचं होल्स्टर पाठव.”

नकली पिस्तुलांच्या दुकानात आमच्या ह्यांनी तिथलंच एक पिस्तूल खोचून, उठून-बसून एक होल्स्टर पसंत केलं. इतकं मऊ, की पैसे देऊन हे तसेच बाहेर पडले!

स्टेशनवर भिंतीवरचा नकाशा मला हात उंचावून दाखवताना ह्यांचा स्वेटर वर सरकला आणि पिस्तुलाची मूठ दिसली. समोरचा पोलीस ओरडला, “हात वर!” त्याचा हात स्वतःच्या पिस्तुलावर. ह्यांनी दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात दुकानदार धापा टाकत आला, “सुमिमासेन, माफ करा! माझं नकली पिस्तूल ह्यांच्याकडेच राहिलं!”

पोलीस दम भरून निघाला, तरी ह्यांचे हात वरच.

“अहो, घ्या की खाली!”

“थांब, आधी तो जिना उतरू दे.”