गच्चीवर वाळत घातलेलं यान

माझ्या सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, तुम्ही ओळखत न्हाई, म्हणून सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत मी अंतराळयानाच्या मॉडेलचं किट आणलं. सगळी सुट्टी तुकड्याला तुकडा चिकटवून जोडलं, पांढरंशुभ्र रंगवलं आन् वाळायला गच्चीवर ठेवलं. आम्ही राहतो अंकुशनगरात, साखर कारखान्याच्या अंगाला. उसाचं गाळप सुरू झालंय, हे माझ्या डोक्यातच न्हाई! वर जाऊन बघते तर कारखान्याची काजळी पडून यानभर काळे ठिपके. मला रडूच आलं.

आत्याबाई मागून आल्या. "गाळपात गच्चीवर वाळवण घालतंय का कुणी?" म्हणल्या. मंग यान हातात घेऊन विचारलं, "हे येतंय कुठून?"

"लई लांबून. दुसऱ्या ताऱ्यावरून," मी रडत रडतच सांगितलं.

"मंग एवढ्या लांबून आलेली गाडी कोरी करकरीत राहती का?"

रंग अजून ओलसर होता. त्यांनी बोटाला पदर गुंडाळला आन् एकेक ठिपका पुढून मागं ओढला, वाऱ्यानं ओढल्यावानी. अंतराळात वारा नसतो, हे मी विज्ञानाची बाई असून त्यांना सांगितलं न्हाई. यान बिलकुल आत्ताच उतरल्यावानी दिसू राह्यलं होतं.

फोटो आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या एकानं लगेच विचारलं, "मॅडम, हा मळकटपणा इतका खरा कसा आला? कोणता रंग वापरला?"

मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडून राह्यल्या होत्या. मान वर न करता म्हणल्या, "त्याला म्हणावं, गाळपाच्या हंगामात ये. गच्ची मोकळीच आहे."