भगवंतरावांच्या डोक्यातलं गाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंचायत समितीचे सभापती सन्माननीय महादेवराव, व्यासपीठावर विराजमान झालेले गटविकास अधिकारी साहेब, ज्यांच्यासाठी हा हार आणि हे नारळ मघापासून वाट पाहत आहेत ते आज निवृत्त होणारे आमचे ओव्हरसियर भगवंतरावजी, त्यांच्या सौभाग्यवती जमुनाबाई, मूर्तिजापूरचे प्रतिष्ठित नागरिक, आणि भर दुपारी गाड्या जुंपून आलेली माझी पिंपळडोहाची मंडळी,

सर्वांना किसनरावाचा नमस्कार. मी पिंपळडोह ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. अध्यक्षमहोदयांनी मला कानात सांगितलं की थोडक्यात बोला. अध्यक्षमहोदय, आमच्या गावात कोणी एकमेकांची तब्येतसुद्धा थोडक्यात विचारत नाही. तरी प्रयत्न करतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की भगवंतरावांची बुद्धी अफाट, सारा तालुका त्यांच्या डोक्यात आहे. सज्जनहो, हे शंभर टक्के खरं आहे आणि आमची तक्रारही तीच आहे. पूल डोक्यात, विहीर डोक्यात, शाळा डोक्यात. बाहेर काय येतं? दोन हात हवेत फिरतात, एक भुवई वर जाते, आणि साहेब विचारतात, "समजलं ना?" समोरचा म्हणतो, "हाव जी." झालं काम!

आता आपण विचाराल, न समजताच हाव जी म्हणायचं कशाला? ही आपल्या वऱ्हाडातली रीत आहे. साहेबाला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे साहेबाला नीट सांगता येत नाही असं तोंडावर म्हणणं. इतके असभ्य आपण नाही. आपण हाव जी म्हणतो, घरी जातो, आणि मग आपल्या डोक्यात जे असेल ते करतो.

या सभ्यपणानं आमच्या गावाचा काय तमाशा केला, तेवढं सांगून मी खाली बसणार आहे.

एकोणसाठ सालच्या पावसाळ्यात नदी आमच्या गावात शिरली, हे आपल्याला ठाऊक आहे. माणसं वाचली, घरं गेली. आम्ही सगळे वरच्या बरड माळावर टिनाच्या छपरांत राहायला आलो. सरकारनं ठरवलं की आता तिथंच नवं गावठाण वसवायचं, आणि तेही आदर्श. काम भगवंतरावांकडे आलं. त्यांना वाटलं, लोकांना नुसता नकाशा दाखवला तर काय कळणार? त्यापेक्षा लाकूडमातीचं छोटं गाव करून फळीवर मांडू. लोक बघतील, हो म्हणतील, मग खऱ्या आखणीला चुन्याच्या रेघा मारू. विचार उत्तम होता. आजही म्हणतो, उत्तम होता.

घरं करायला दिली अमरावतीच्या सुतारकामाच्या वर्गाला. तिथले शिक्षक चंद्रभान मिस्त्री. जमीन, नदी, झाडं, गुरं, माणसं हे सगळं अकोल्याचे ड्रॉइंग मास्तर वामनराव यांच्याकडे. साहेब एकदा अमरावतीला गेले, हात फिरवले, समजलं ना विचारलं. मिस्त्री म्हणाले, हाव जी. मग अकोल्याला गेले, तेच हात फिरवले. वामनराव शिकलेले, ते म्हणाले, "अर्थातच!" नकाशा मात्र साहेबांच्या पिशवीतून निघालाच नाही. अमरावतीनं अकोल्याचं तोंड पाहिलं नाही, अकोल्यानं अमरावतीचं. आणि ज्यांनी त्या गावात राहायचं, त्या आम्हाला तर कोणी हातही फिरवून दाखवले नाहीत.

शेवटी दिवस उगवला. बरडावर मांडव घातला. अकोल्याची फळी मालगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं आली. अमरावतीची पेटी बसच्या टपावरून आली. आम्ही सारे गोळा झालो. बायाही आल्या होत्या, आणि पुढं बसल्या होत्या.

फळीवरची चादर काढली आणि पहिला आवाज नत्थुजी पाटलांचा आला. "काय बाप्पा, नदी इकून कोठून आली?"

नदी खरोखरच भलत्या बाजूला होती. झालं होतं असं की वामनरावांचा जन्म अकोला शहरातला. त्यांच्या डोक्यात गाव एकच, तेल्हाऱ्याकडचं त्यांच्या मामाचं. त्यांनी मोठ्या प्रेमानं तेच केलं होतं. मामाची नदी, मामाचा पार, मामाच्या शेतातली आमराईसुद्धा. आमच्या बरडावर आंब्याचं झाड औषधालाही नाही.

मग चंद्रभान मिस्त्रींनी पेटी उघडली. मिस्त्री अमरावतीच्या कॅम्पात साहेबलोकांच्या बंगल्यांची कामं करून हात बसलेले. त्यांच्या डोक्यात आदर्श म्हणजे बंगला! प्रत्येक घराला वर माडी, माडीला कठडा, कठड्याला हिरवा रंग. घरं ठेवली फळीवर. वामनराव पडले कलावंत, त्यांनी माणसं ऐसपैस केली होती. एक बाई विहिरीवर पाणी भरत होती, ती शाळेपेक्षा हातभर उंच. बैल तर असा की तो बसला तर ग्रामपंचायत त्याच्याखाली. भगवंतरावांनी तो बैल तीन ठिकाणी ठेवून पाहिला. शेवटी हातातच धरून उभे राहिले.

नत्थुजी म्हणाले, "बंगले झ्याक हायत जी. पन बैल कोठं बांधाचे? माडीवर?"

गोठा एकाही घराला नव्हता. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. साहेब कपाळाचा घाम पुसत सारखे म्हणत होते, "अहो, माझ्या डोक्यात हे असं नव्हतं हो!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की पुढं महिनाभर आमची पोरं विटीदांडूत हरली की तेच म्हणायची.

साहेब, आपण हसता आहात याचा आनंद आहे. इथून पुढचं जरा कमी हसण्यासारखं आहे, पण आजच्या दिवशी तेही बोललं पाहिजे.

पेटीच्या तळाशी सुतळीनं बांधलेली एक पुडी होती. मिस्त्रींनी ती सोडली. आत लहान लहान घरं निघाली. माडी नाही, कठडा नाही, रंग नाही. माझी आई सुंदराबाई पुढं बसली होती. तिनं विचारलं, "हे कोनाचे, भाऊ?"

मिस्त्री सहज म्हणाले, "हे तिकडचे." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. दुपारचे किती वाजले हे सांगावं तसं ते सांगत होते. वामनरावांनीही तितक्याच सहजपणे फळीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं नाल्याच्या पलीकडे त्यांनी जागा मोकळी ठेवली होती. मिस्त्रींनी एकेक घर तिथं मांडलं. आणि मंडळी, नीट ऐका, ती सगळी घरं त्या जागेत बरोबर बसली. एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही.

नदी जुळली नाही, शाळा जुळली नाही, बैल तर कशालाच जुळला नाही. ज्या गोष्टी साहेबांनी हात फिरवून फिरवून सांगितल्या होत्या, त्यांतली एकही जुळली नाही. आणि जी कोणी कोणाला सांगितली नव्हती, ती मात्र अमरावतीची आणि अकोल्याची तंतोतंत जुळली! त्या एका बाबतीत सगळ्यांच्या डोक्यात एकच गाव होतं.

भगवंतराव रागावले. म्हणाले, "हे माझ्या नकाशात नाही!" आणि त्यांनी पिशवीतून तो निळा नकाशा पहिल्यांदा बाहेर काढला, सगळ्यांसमोर पसरला. नाल्याच्या पलीकडे तिथंही लहान लहान चौकोन होते. त्यांच्याच हातचे. त्या माणसानं तेव्हा बनाव केला नाही, खोकला आल्याचं सोंग केलं नाही. हातातला बैल खाली ठेवून ते नुसते नकाशाकडे बघत राहिले.

आम्ही छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. तेव्हापासून माझ्या आईनं वाकून बोलणं सोडलं होतं. पुरात आमची घरं पाटलांच्या घरांइतकीच वाहून गेली होती, नदीनं कमीजास्त केलं नव्हतं. आता नवं गाव बसतंय, कोऱ्या जमिनीवर, आणि त्यातही आम्ही नाल्यापलीकडे? मला संताप आला होता. मी उठणार होतो. पण साहेबच आधी बोलले.

ते म्हणाले, "मी आजवर सगळ्यांना विचारलं, समजलं ना. आज मला कळलं की मलाच समजलं नव्हतं. तुमच्या डोक्यातलं गाव कसं आहे, ते तुम्हीच मांडा." आणि त्यांनी फळीवरची सगळी घरं उचलून टोपलीत टाकली.

गाव करी ते राव न करी म्हणतात. पण गावाला करायला दिलं की काय होतं ते त्या दिवशी पाहावं! शाळेशेजारी कोणी घर ठेवेना, पोरं कवठं चोरतात म्हणून. चुलतभावाच्या शेजारी कोणी ठेवेना, कारण सांगायची गरजच नाही. एकानं तर आपलं घर आमराईत ठेवलं, ती आमराई आमची नाही हे सांगूनही. विहिरीजवळ मात्र सगळ्यांची झुंबड. नत्थुजींनी मानानं आपलं घर विहिरीला लागून ठेवलं.

मग माझी आई उठली. ती पुडीतली घरं तिनं बघितलीच नाहीत. टोपलीतलं एक कठड्याचं घर उचललं, पदरानं पुसलं, आणि नेऊन नत्थुजींच्या घराशेजारी ठेवलं.

नत्थुजी म्हणाले, "काहून वं सुंदरा, तिथं माह्या गोठ्याचा वास येईन तुले."

आई म्हणाली, "आजवरी तुमच्या गोठ्यातलं शेन आमीच उचललं, पाटील. वास वळखीचा हाय."

नत्थुजींनी स्वतःचं घर उचललं आणि फळीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. आता पाटलांमागं सगळे उठणार, सगळी घरं तिकडं जाणार, आणि नाल्याच्या अलीकडे असो नाहीतर पलीकडे, आम्ही पुन्हा एकटे पडणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात नत्थुजींच्या मालकीण लीलाबाई उठल्या. त्या आज इथं बसल्या आहेत, त्यांनी मला हे सांगायची परवानगी दिली आहे. त्यांनी फळीचं ते टोक पाहिलं, विहीर पाहिली, मधलं अंतर पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पानी आनाले कोन जाते? तुमी जाता का?" आणि त्यांनी घर उचलून जिथं होतं तिथंच परत आणून ठेवलं, माझ्या आईच्या घराला खेटून.

नत्थुजींनी ते घर पुन्हा हलवलं नाही. लग्न झालेल्या माणसांना याचं स्पष्टीकरण नको.

आणि भगवंतरावांनी काय करावं? ते चपळाईनं पुढं झाले. मिस्त्रींचं लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं घेतलं, दोन्ही घरांच्या बुडाला सरस लावला आणि दाबून धरली. म्हणाले, "आता हलायची नाहीत. सरकारी सरस आहे." नत्थुजींनी पुन्हा विचारलं, "मंग बैल?" साहेबांनी टोपलीतून ती पुडीतली लहान घरं काढली. म्हणाले, "गोठे राहिलेच होते ना? हे घ्या गोठे." आणि एकेक लहान घर एकेका बंगल्यामागं ठेवलं. आमच्याही घरामागं एक ठेवलं. तेव्हा आमच्याकडे बैल नव्हता. आता आहे.

खरं गाव त्याच फळीप्रमाणे बसलं. माड्या झाल्या नाहीत, कठडेही नाहीत. सगळंच गोड झालं असंही मी म्हणणार नाही. काही घरं मुद्दाम लांब जाऊन बसली, ती अजून लांबून पाणी वाहतात. माझी आई आणि लीलाबाई कोंबड्यांवरून आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडतात. पण भांडायलासुद्धा आधी शेजार लागतो, आणि तो आम्हाला नव्हता.

जमुनाबाई, एक विनंती आपल्याला. साहेब आता वलगावला स्वतःचं घर बांधणार असं ऐकतो. नकाशा कुठं आहे विचारलं तर कपाळाकडे बोट दाखवतात म्हणे. आपण हाव जी म्हणू नका. आधी कणकेचं घर करून घ्या आणि स्वयंपाकघर कुठं येतं ते बघा.

आता शेवटचं. गावातर्फे साहेबांना काय द्यावं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ती फळी अजून शाळेत आहे. वाळवीनं नदी खाल्ली, आमराई खाल्ली, बैलाचं एक शिंग तेवढं उरलं आहे. आम्ही ठरवलं, फळीवरचं आमचं ते घर काढून साहेबांना द्यायचं. मी विळा लावला, निघेना. पटाशी लावली, निघेना. कोणी म्हणालं, गरम पाणी टाका, सरस सुटेल. चुलीवर पाणीही ठेवलं. नत्थुजी पाटील तिथंच बसले होते. ते उठले, माझ्या हातातली पटाशी घेतली आणि म्हणाले, "राहू दे, किसन. सुटीन तं खरं. पन सोडतं कायले? फळीच काप."

फळी त्यांनी स्वतः कापली.

म्हणून साहेब, आणायला गेलो होतो एक घर, आणि आणली आहेत दोन. नत्थुजी पाटील, या जरा वर. हे आपण दोघं मिळून देऊ.

साहेबांचे आणि जमुनाबाईंचे पुढचे दिवस सुखाचे जावोत. अध्यक्षांनी मला मध्येच खाली बसवलं नाही याबद्दल त्यांचे, आणि उन्हात बैल सोडून इथं बसलेल्या आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान कमी राहिला असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर तो पोटात घ्यावा. आणि माझं म्हणणं कोणाला समजलं नसेल, तर कृपा करून हाव जी म्हणू नका. मला पुन्हा विचारा. मी इथंच आहे.