चाळीस कोऱ्या कागदांवरची सही

नाव: घरी-दारी मला भिंगरी म्हणतात, कागदोपत्री नाव वरच्या रकान्यात दिले आहे. वय २४. शिक्षण नववी, तीही अर्धी. धंदा: मिळेल तिथे पाट्या रंगवणे, ट्रकच्या पाठीवर अक्षरे काढणे, सध्या काही नाही. राहणार: वडिलांच्या पाट्यांच्या दुकानावर, मागच्या जिन्याने वर, बहिणीच्या खोलीत.

मी आज शनिवार, १५ तारखेला सकाळी साडेदहा वाजता स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन सांगतो की,

मला ५, ८ आणि १२ तारखेला बोलावणे आले होते. मी आलो नाही. पहिल्या वेळी ताप आहे असे कळवले, तो नव्हता. दुसऱ्या वेळी दारापर्यंत आलो आणि समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो. तिच्यातली अक्षरे एकमेकांना चिकटली आहेत, हात घाईचा आहे. मग परत गेलो. तिसऱ्या वेळचे कारण मला नीट सांगता येणार नाही. साहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितले, येतो.

आम्ही तीन भावंडे. दादा सर्वांत मोठा, दुकान तो बघतो. त्याने रंगाचे डबे मागे टाकून पुढे छपाईचे मशीन घातले आहे. मधली ताई. तिचा घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि ती दीड वर्षापासून वडिलांच्या घरी राहते. तिची सात वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची, सध्या भाऊजींकडे आहे. मुलगी कोणाकडे राहणार याची सुनावणी येत्या मंगळवारी, १८ तारखेला आहे. धाकटा मी. आई लहानपणीच गेली. वडील पाच महिन्यांपूर्वी वारले. मला ते सहा दिवसांनी कळले, कारण मी ज्या ट्रकवाल्याकडे होतो त्याचा फोन बंद होता.

३ तारखेला, सोमवारी, मी ताईबरोबर कोर्टात गेलो होतो. न्यायाधीश मॅडमनी ताईला विचारले, "मुलीला ठेवणार कुठे?" ताई म्हणाली, "वडिलांच्या घरात. माझाही हिस्सा आहे त्यात." त्यावर भाऊजींच्या वकिलांनी एका कागदाची झेरॉक्स पुढे केली. ते माझ्या वडिलांचे मृत्युपत्र होते. त्यात घर आणि दुकान दादाला दिले आहे. पुढे लिहिले आहे की, मुलीला तिच्या नवऱ्याचे घर आहे, तिने माझ्यामागे तीस दिवसांत खोली खाली करावी. साक्षीदार म्हणून भाऊजींची आणि दादाच्या मशीनवर काम करणाऱ्याची सही आहे. तारीख एक वर्ष दोन महिन्यांपूर्वीची आहे. असा कागद आहे हे आम्हा दोघांना तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

कोर्टाच्या व्हरांड्यात ताईची सासू भेटली. ती ताईला म्हणाली, "पोर वाढवायला छप्पर लागतं. नुसती आई असून भागत नाही." ताईने पर्समधून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. मी म्हणालो, "तुमचं छप्पर बघितलंय आम्ही, तिथूनच आलीये ती." ताईने मला कोपराने ढोसले.

४ तारखेला सकाळी अंदाजे साडेअकरा वाजता मी आणि ताई दुकानात गेलो. दादा मशीनपाशी होता. मी म्हणालो, "दादा, मृत्युपत्र दाखव."

"झेरॉक्स बघितलीस ना कोर्टात?"

"मूळ दाखव."

"आलाय मोठा वकील. नववी तरी पुरी केलीस का रे?"

त्याने खणातून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून माझ्या तोंडासमोर धरला. मी सही बघितली. सही वडिलांच्या नावाची होती, पण ती माझ्या हातची आहे हे मी तिथल्या तिथे ओळखले.

हे कसे ते आधी सांगावे लागेल, नाहीतर साहेबांना वाटेल मी बनवतोय. आमच्या दुकानात पाटी कोणीही रंगवली तरी खालच्या उजव्या कोपऱ्यात सही वडिलांचीच टाकायची, कारण गिऱ्हाईक त्या सहीवर यायचे. आम्हा तिघांना अक्षरे गिरवायच्या आधी ती सही गिरवायला लावली होती. पण रंग उडाला, तक्रार आली, तर काम कोणाचे ते कळावे म्हणून वडिलांनी प्रत्येकाला एक खूण दिली होती. दादाने सहीखाली दोन ठिपके द्यायचे. ताईने शेवटचा फाटा वर उचलायचा. मी पहिल्या अक्षराचे पोट मिटवायचे नाही, बारीक फट ठेवायची. वडील स्वतः काहीच खूण ठेवत नसत. सहीखाली चार बोटे जागा सोडायची, कारण तिथे चौकटीची पट्टी येते. हे सगळे गिऱ्हाइकाला दिसत नाही. आम्हाला दुसरे काही दिसत नाही.

मृत्युपत्रावरच्या सहीत पोटाला फट आहे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांची उजवी बाजू गेली. बोलणेही गेले. दरपत्रकांवर त्यांची सही लागायची. मला त्या दिवसांत निघायचे होते. पुलाचे खांब रंगवायचे काम मिळत होते, आणि खांबावर चढून लांबवर काय दिसते हे मला बघायचे होते. दादा म्हणाला, "मग सह्या करून जा, मागे माझ्या डोक्याला ताप नको." मी चाळीस कोरे कागद घेतले. दुकानाचे नाव वर नंतर मशीनवर छापायचे होते. वडिलांच्या खाटेशी बसून एका सकाळी चाळीस सह्या केल्या, सवयीने खाली चार बोटे जागा सोडून. ब्रशने केल्या, कारण पेनने मला ती सही जमत नाही. पहिली करायच्या आधी वडिलांना विचारले, "बाबा, करू ना?" त्यांनी डावा हात हलवला. तो 'कर' होता की 'नको' होता हे मला आजही सांगता येत नाही. मी 'कर' धरले. दुपारच्या गाडीने निघालो.

मृत्युपत्राचा मजकूर अशाच एका कागदावर टाइप केलेला आहे. वरची अक्षरे मोठी आहेत. शेवटचा परिच्छेद, ताईला खोली खाली करायला सांगणारा, बारीक अक्षरात दाबून बसवला आहे, कारण खाली सही आधीपासून होती. सहीखालच्या चार बोटांत नाव, तारीख, ठिकाण टाइप केल्यावर साक्षीदारांना जागा उरली नाही म्हणून त्यांच्या सह्या डाव्या समासात उभ्या आहेत. पाटीवर असे कोणी केले असते तर वडिलांनी पाटी खरवडून काढली असती.

मी दादाला म्हणालो, "ही सही बाबांची नाही."

दादा म्हणाला, "मग कोणाची आहे? सांग की. पोटाला भोक आहे ते मला दिसत नाही असं वाटतं तुला? जा, सांग चौकीत, मी बापाच्या नावाने चाळीस सह्या ठोकल्या म्हणून. आधी तूच आत जाशील."

ताई म्हणाली, "दादा, माझी पोर जाईल रे."

दादा म्हणाला, "पोर बापाकडे आहे, रस्त्यावर नाही. तू परत जा, घर आहे तुझं तिथं."

"तुला माहितीये मी का आले ते."

"मला काही माहिती नाही. मला जिना मोकळा हवा."

मी कागद ओढला. दादाने माझी कॉलर धरली. टेबलावरचा थिनरचा डबा पडला, दादाचे मनगट मशीनच्या कडेला लागले. मी मारले नाही. दादाने त्याच दिवशी ठाण्यात दिलेल्या तक्रारीत डबा फेकला असे लिहिले आहे ते खोटे आहे. कागद ओढून नेला हे खरे आहे. तो आज पाकिटासह हजर करतो.

इतके दिवस कागद माझ्याकडे होता. ८ तारखेला मी तो जाळायला काढला होता. काडी पेटवली. ताईने फुंकर मारली. म्हणाली, "जाळलास तर कोर्टात झेरॉक्सच खरी ठरेल. झेरॉक्समध्ये ब्रश दिसत नाही." मग म्हणाली, "तुला नसेल जमत तर तसं सांग. मी नाही रागावणार." त्यावर मी तीन दिवस घरी गेलो नाही, बसस्टँडवर झोपलो. दोन वेळा तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. तिकीट काढले नाही.

साहेबांनी विचारले, तुझीच सही कशावरून. मी म्हणालो, ब्रश द्या. मुद्देमालावर नंबर टाकायचा ब्रश आणि शाई हवालदारांनी आणून दिली. मी दहा सह्या केल्या, सर्वांत पोटाला फट. हवालदार म्हणाले, "हा तर छापखानाच आहे." साहेबांनी आता स्वतःची सही कर म्हणून सांगितले. मी माझे नाव सुटे सुटे लिहिले, मला तेवढेच येते. ते दहाही नमुने सोबत जोडले आहेत.

वडिलांच्या हयातीत त्यांच्या नावाच्या चाळीस सह्या मी केल्या हे मी कबूल करतो. त्याचा गुन्हा होत असेल तर तो माझ्या नावावर लिहावा. मृत्युपत्राच्या मजकुराशी माझा संबंध नाही, तो मी प्रथम कोर्टात पाहिला. ताईला या सह्यांबद्दल ४ तारखेपर्यंत काही माहीत नव्हते. ती आज बाहेर बाकावर बसली आहे, तिला आत बोलावू नये ही विनंती.

वरचे सगळे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. पुलाच्या खांबांचे वाक्य गाळू का असे विचारले, मी राहू द्या म्हणालो. मी सांगितले तसेच उतरले आहे, कोणी धाक घातला नाही.

सही करतेवेळी दारावरच्या शिपायाने आत येऊन कळवले, ते साहेबांच्या सांगण्यावरून येथेच लिहून घेतले आहे: ताईची सासू ठाण्यात आली आहे. एकटी नाही, शाळेच्या गणवेशात माझ्या भाचीला घेऊन आली आहे. मुलाला न सांगता आलेय असे म्हणते. शिपायाने काम विचारले तर म्हणाली, "या पोराचं झालं की माझं लिहून घ्या. तो कागद माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर टाइप केला. चहा मीच दिला दोघांना, माझ्या मुलाला नि हिच्या दादाला. व्याही जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते."

ताई बाकावरून उठून उभी राहिली आहे. दोघी अजून एकमेकींशी बोललेल्या नाहीत.