भिंतीकडे तोंड करून दिलेली परीक्षा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आमच्या आदरणीय बाई, आणि जागा न मिळाल्यानं खिडक्यांतून डोकावणाऱ्या भगिनींनो,

बाईंच्या निरोपसमारंभात मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. पण मी शिंप्याची मुलगी. कापड थोडं जास्त लागलं तर सांभाळून घ्या.

बत्तीस वर्षांपूर्वी गावात पहिली मास्तरीण आली, तेव्हा टपाल कचेरीमागच्या खोलीत आम्ही अकराजणी होतो. "वर्षाच्या आत गाशा गुंडाळेल," असं लोक म्हणत. कोण म्हणत, सांगू? अध्यक्षमहोदय, हसू नका. मुलांच्या शाळेचे हेडमास्तर तेव्हा आपणच होतात!

वर्षअखेर इंग्रज इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. मुलींना काही येत नसेल तर शाळा बंद, असा हुकूमच होता. साहेबांनी विचारलं, आम्ही गप्प. पुन्हा विचारलं, माना खाली. परक्या पुरुषापुढे तोंड उघडायचं नाही, ही घरची ताकीद! साहेबांसोबत आलेले हेडमास्तर हळूच म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, साहेब?"

साहेबांनी शेरा लिहायला वही उघडली. बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज खणखणीत. "साहेब, जरा थांबा. पोरींनो, भिंतीकडे तोंड करा. पुरुषासमोर बोलू नका असं घरच्यांनी सांगितलंय. भिंतीसमोर बोलायला कोणाची ना आहे?"

आम्ही गर्रकन वळलो. साहेबांनी विचारलं, "सोळा वारांचा तागा. एका झग्याला सव्वादोन वार. झगे किती?"

मी ओरडले, "सात! आणि पाव वार उरतं. पण बाबा गिऱ्हाइकाला सांगतात, काहीच उरत नाही!"

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग तासभर प्रश्न चालले. शेरा पडला : "चेहरा एकीचाही दिसला नाही. चुकीचं उत्तर एकही ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर स्वतःच्या लेकीचं बोट धरून दारात हजर! बाई एवढंच म्हणाल्या, "उशीर केलात. मागं बसावं लागेल." ती लेक आज आपल्या दवाखान्यात डॉक्टरीण आहे.

उद्यापासून बाईंच्या जागी हजेरी मी घेणार. "बाई, भीती वाटते हो," असं काल म्हटलं, तर म्हणाल्या, "मलाही वाटली होती. पहिल्या दिवशी हजेरीपट हातात थरथरत होता. तुम्हा पोरींना वाटलं, मी वारा घेतेय."

बाई, तुम्ही आम्हाला कधीच कळू दिलं नाहीत.

आपण सगळे आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. बाईंनी मात्र घालू नये. चुका दाखवाव्यात, आणि त्या निमित्तानं तरी शाळेत येत राहावं.